बोरिवली ॲट ब्याण्णव

घाटकोपर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात परवा रांगेत उभा होतो. पुढच्या काकूंना ई-आधारची प्रिंट हवी होती. त्यांनी फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवली, त्याने ती कॉम्प्युटरवर उघडली आणि पासवर्डची चौकट आली. "काकू, जन्मसाल?" त्याने मान वर न करता विचारलं. नाव विचारायची गरजच नव्हती, ते व्हॉट्सॲपवर दिसत होतं. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे चार आकडी साल, एंटर. प्रिंट निघाली. दिवसभरात असे कितीतरी पासवर्ड तो टाकत असेल, आणि त्यातला एकही त्याला पाठ करावा लागत नाही.

ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड असाच असतो, हे आधार प्राधिकरणच सगळ्यांना सांगतं. त्यामुळे दुकानदाराने काही गैर केलं नाही. पण मनात हिशेब सुरू झाला. इंग्रजी कॅपिटल अक्षरं २६ आणि आकडे १०, म्हणजे ३६ चिन्हं. त्यांच्या आठ जागा भरायच्या तर सुमारे २ लाख ८२ हजार कोटी प्रकार होतात. कागदावर एवढी मोठी भिंत. प्रत्यक्षात ज्याला नाव माहीत आहे त्याला शंभराच्या आतली सालं चाचपायची असतात, आणि ज्याला जन्मसालही माहीत आहे त्याला एकदाच एंटर दाबायचं असतं.

पासवर्ड भक्कम की कच्चा हे ठरवायचं कसं, या प्रश्नाचा गेल्या साडेचार दशकांचा इतिहास या दोन आकड्यांमधल्या दरीत मावतो. एका बाजूला पासवर्डातली अक्षरं मोजणारे, दुसऱ्या बाजूला तो निवडणाऱ्या माणसाकडे आणि तो फोडणाऱ्याच्या हातातल्या यादीकडे बघणारे.

पाच फ्लॅगांचा प्रोग्रॅम

अक्षरं मोजण्याची रीत मुंबईच्या उपनगरांत घरोघरी पोचली आहे. डिप्लोमा असो की बीएस्सी आयटी, मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या पोरांना पायथनच्या प्रॅक्टिकलात हा प्रोग्रॅम कधी ना कधी भेटतोच: वापरणाऱ्याकडून पासवर्ड घ्या, त्यातलं एकेक अक्षर तपासा आणि तो स्ट्राँग, मीडियम की वीक ते छापा.

रचना सोपी असते. पाच फ्लॅग घ्यायचे आणि सगळे आधी खोटे ठेवायचे. लांबी आठ किंवा जास्त असली की पहिला खरा. मग लूप फिरवायचा. कॅपिटल भेटलं की दुसरा, स्मॉल भेटलं की तिसरा, आकडा भेटला की चौथा. यातलं काहीच नसेल तर ते विशेष चिन्ह, मग पाचवा. शेवटी खरे झालेले फ्लॅग मोजायचे. जर्नलमध्ये उतरवायचं, सही घ्यायची, व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं की स्ट्रिंगच्या फंक्शनांची नावं घडाघडा म्हणायची.

लूप आणि अटी शिकायला याहून चांगला नमुना क्वचित मिळेल. एकदा स्ट्रिंगवरून जाऊन पाच प्रश्नांची उत्तरं मिळतात. आता या प्रोग्रॅमला 'बोरिवली ॲट ९२' हा पासवर्ड देऊन बघा. रोमनमध्ये बोरिवलीची आठ अक्षरं, पहिलं कॅपिटल, मग ॲटचं चिन्ह, मग दोन आकडे. लांबी अकरा, पाचही फ्लॅग खरे, निकाल 'स्ट्राँग'. बोरिवली पश्चिमेचा पिनकोड ४०००९२ आहे आणि मुंबईकर पत्ता सांगताना शेवटचे दोनच आकडे म्हणतो, हे प्रोग्रॅमला कुणी सांगितलेलं नाही. मुलुंडला ८०, अंधेरी पूर्वेला ६९, घाटकोपर पूर्वेला ७७ जोडून बघा, निकाल तोच. सगळी उपनगरं, त्यांचे पिनकोड आणि मध्ये घालायची चार-पाच नेहमीची चिन्हं यांची यादी काही हजारांत संपते.

३,२८९ पासवर्ड

अक्षरं तपासायची कल्पना आली ती एका मोजणीतून. १९७९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स वापरणाऱ्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासून निष्कर्ष छापले. १५ जणांचा पासवर्ड एकाच अक्षराचा होता, ७२ जणांचा दोन अक्षरी, ४६४ जणांचा तीन अक्षरी. ४७७ चार अक्षरी निघाले. ७०६ पाच अक्षरी होते, पण सगळी अक्षरं एकतर कॅपिटल नाहीतर स्मॉल. ६०५ सहा अक्षरी आणि सगळे स्मॉल. उरलेल्यांपैकी ४९२ शब्दकोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडले. एकूण २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज हाती लागण्याजोगे.

यावरचा त्यांचा एक उपाय साधा होता. एकाच केसमधला पासवर्ड सहा अक्षरांहून लहान असेल, किंवा मिसळीचा पाचांहून लहान असेल, तर प्रोग्रॅमने आणखी मोठा मागायचा. आजच्या पाच फ्लॅगांचं मूळ इथे दिसतं. मात्र त्याच लेखात शब्दकोशाने पासवर्ड पकडण्याची वाटही होती. पुढच्या पिढ्यांनी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी बराच काळ बाजूला ठेवली, कारण अक्षरं मोजायला दहा ओळी पुरतात, शब्दकोश मात्र सांभाळावा लागतो.

तेव्हा आपल्याकडे पासवर्ड हा मूठभरांचा विषय होता. पवईची आयआयटी आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या दोन उपनगरी ठिकाणी ऐंशीच्या दशकात नेटवर्कची कामं चालत, त्या वर्तुळापुरताच. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं आणि मॉडेमच्या खरखरीसोबत पासवर्ड घरात आला. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांतून तो गावोगावी गेला. आपण पासवर्ड शिकलो तो नियमांसकट: एक कॅपिटल हवं, एक आकडा हवा.

नियमांमागचं गणित

या नियमांना सरकारी वजन मिळालं ते अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेकडून. तिथल्या बिल बर यांनी २००३ च्या सुमारास लिहिलेल्या परिशिष्टात पासवर्डाची ताकद बिटांत मांडली होती. आधार होता क्लॉड शॅनन यांनी इंग्रजी मजकुराबद्दल केलेल्या अंदाजांचा. माणसाने निवडलेल्या पासवर्डात पहिल्या अक्षराला ४ बिट, पुढच्या सातांना प्रत्येकी २, नवव्यापासून विसाव्यापर्यंत प्रत्येकी दीड. कॅपिटल आणि चिन्हांची सक्ती असेल तर वर ६ बिटांचं बक्षीस. म्हणजे आठ अक्षरी पासवर्डाचे १८ बिट, सक्तीसह २४.

कोष्टक देखणं होतं, पण हाताशी खरे पासवर्ड फारसे नव्हते. ते मिळाले डिसेंबर २००९ मध्ये. रॉकयू या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेही साध्या मजकुरात साठवलेले. सर्वांत लाडका होता एक ते सहा हे आकडे ओळीने. तो २,९०,७३१ वेळा आला होता. संशोधकांसाठी ही माणसाच्या सवयींची जनगणनाच ठरली. २०१० मध्ये मॅट वेअर आणि सहकाऱ्यांनी अशा फुटलेल्या याद्यांवर प्रत्यक्ष हल्ले करून दाखवून दिलं की बिटांचं ते कोष्टक पासवर्ड किती टिकेल याचं माप देत नाही. कॅपिटल सक्तीचं केलं की लोक पहिलं अक्षर कॅपिटल करतात. आकडा मागितला की शेवटी १ लावतात. चिन्ह मागितलं की ॲट नाहीतर उद्गारचिन्ह. नियम जितका ठरावीक, पळवाटही तितकीच ठरावीक.

२०१७ मध्ये निस्टने आपलाच सल्ला फिरवला. अक्षरांच्या प्रकारांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं नको, लांबी किमान ८ हवी आणि ६४ पर्यंत चालू द्यावी, आणि नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का ते तपासावं. त्याच वर्षी, निवृत्त झालेल्या बर यांनी जुन्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत तर जिथे पासवर्ड एकटाच पहारा देतो तिथे किमान १५ अक्षरं सांगितली आहेत.

लांबीचा आग्रह का, ते आकडेमोडीतून दिसतं. कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून यदृच्छेने आठ उचलली तर सुमारे ६६ कोटी कोटी प्रकार होतात. फक्त स्मॉल २६ अक्षरांतून बारा उचलली तर त्याच्या चौदा पट. चिन्हांचा मसाला वाढवण्यापेक्षा चार जागा वाढवणं फायद्याचं. अट एकच: निवड यदृच्छेने व्हायला हवी. आणि माणूस नेमका तिथेच कच्चा आहे.

मीटर विरुद्ध मीटर

दरम्यान वेबसाइटींवर लाल-पिवळी-हिरवी पट्टी आली. तिच्यावर टीका आणि तिची पाठराखण, दोन्ही संशोधनातूनच झाली. २०१२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने २,९३१ जणांवर १४ प्रकारचे मीटर लावून पाहिले. मीटर दिसला की लोक जास्त लांब पासवर्ड करतात, आणि मीटर कडक असेल तर ते फोडायलाही अवघड जातात, असं दिसलं. म्हणजे पट्टीचा धाक उपयोगी पडतो. २०१४ मध्ये कॅनडातल्या काँकॉर्डिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या साइटींचे मीटर शेजारी ठेवले, तर एकच पासवर्ड एकीकडे अगदी कच्चा आणि दुसरीकडे भक्कम ठरत होता. धाक चांगला, पण दर दुकानात वजनाचा काटा वेगळा.

तिसरी वाट काढली ड्रॉपबॉक्सच्या डॅन व्हीलर यांनी. त्यांच्या मोजणी-प्रोग्रॅमचं नाव झेडएक्ससीव्हीबीएन, म्हणजे कीबोर्डच्या खालच्या ओळीतली सलग सहा बटणं. नावातच टोमणा आहे. हा प्रोग्रॅम अक्षरांचे प्रकार मोजत नाही, पासवर्डाचे तुकडे पाडतो: हा शब्दकोशातला शब्द, हे आडनाव, ही तारीख, ही शेजारशेजारची बटणं, हे ए ऐवजी घातलेलं ॲट. मग हल्लेखोराला किती अंदाजांत पोचता येईल ते काढून शून्य ते चार गुण देतो. प्रश्नच बदलला. आधी विचारलं जायचं, यात काय काय आहे? आता विचारलं जातं, हे किती अंदाजांत सापडेल?

चौथी वाट आणखी सरळ. ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये फुटलेले ३० कोटी ६० लाख पासवर्ड तपासणीसाठी खुले केले. आपला पासवर्ड त्यात आहे का हे पाहायला तो पाठवावा लागत नाही. त्याचा ४० चिन्हांचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, आपल्याच कॉम्प्युटरवर काढायचा आणि त्यातली पहिली पाच चिन्हं पाठवायची. त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात आणि जुळणी घरीच होते. दुकानदाराला फक्त गल्ली सांगायची, घर नाही.

आपल्या घरचे पासवर्ड

या सुधारलेल्या मीटरांचाही एक डोळा अधू आहे. झेडएक्ससीव्हीबीएनच्या मूळ याद्यांत इंग्रजी विकिपीडियातले शब्द, अमेरिकी जनगणनेतली नावं-आडनावं आणि अमेरिकी टीव्ही-सिनेमांचे संवाद आहेत. कुलकर्णी, सावंत, पाटील, गणपती, विठ्ठल, आईसाहेब हे रोमन अक्षरांत लिहिले की अशा यादीला ते बहुतांशी अक्षरांचं कडबोळं वाटतात. आपला पासवर्ड परदेशी पहारेकऱ्याला अवघड वाटतो, आपल्या माणसाला नाही. आणि फसवणारा अनेकदा आपल्यातलाच असतो.

उपनगरात सहज दिसणारा दुसरा नमुना म्हणजे गाडीचा नंबर. एमएच, आरटीओचा क्रमांक, दोन अक्षरं, चार आकडे. दहा चिन्हं, अक्षरं-आकड्यांची मिसळ, मीटर खूश. पण एमएच ठरलेलं. बोरिवलीची गाडी असेल तर ४७, अंधेरीची ०२, मुलुंड-घाटकोपरकडची ०३. उरतात फार तर ६७-६८ लाख प्रकार, तेही गाडी सोसायटीच्या आवारात उभी नसेल तर. ती उभीच असते आणि नंबर पुढेमागे दोन्हीकडे लिहिलेला असतो.

तिसरा नमुना सरकारी. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाची फाइल उघडायला पॅन लहान लिपीत आणि त्यापुढे आठ आकडी जन्मतारीख लागते. अठरा चिन्हं! ३६ चिन्हांच्या हिशेबाने एकावर अठ्ठावीस शून्यं. मीटरची सुई तुटावी असा पासवर्ड. पण पॅनचीही घडण ठरलेली: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी, पाचवं आडनावाचं आद्याक्षर. मुळात एवढंही शोधायला नको, कारण पॅन आणि जन्मतारीख दोन्ही एकाच कार्डावर छापलेली असतात. त्या कार्डाची झेरॉक्स आपण भाडेकरारापासून सोनाराच्या पेढीपर्यंत वाटत असतो.

नॉर्डपास कंपनी दरवर्षी नेहमीच्या पासवर्डांची यादी काढते. तिच्या २०२३ च्या भारतीय यादीत 'इंडिया ॲट १२३' हजर होता. कॅपिटल आहे, स्मॉल आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत, लांबी नऊ. पाचही फ्लॅग खरे. नियम पाळण्यात आपण कमी पडलो असं कुणी म्हणू शकणार नाही.

श्रीची अक्षरं किती?

मग पासवर्ड मराठीतच, देवनागरीत ठेवला तर? कल्पना मोहक आहे आणि अक्षर-मोजणीची खरी गंमत इथे उघडी पडते.

'श्री' हे डोळ्याला एक अक्षर. पायथनला लांबी विचारली तर ४ सांगतो: श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. साठवताना त्याचे १२ बाइट होतात. निस्टच्या नियमात युनिकोडचा प्रत्येक बिंदू एक चिन्ह म्हणून धरावा असं आहे, म्हणजे दोन वेळा श्री लिहिलं की आठची अट पुरी. पायथनला 'हा मजकूर फक्त अक्षरांचा आहे का' असं विचारलं तर 'घर' साठी हो म्हणतो आणि 'श्री' साठी नाही, कारण त्याच्या लेखी मात्रा आणि हलन्त अक्षरांत मोडत नाहीत. आपल्या पाच फ्लॅगांच्या प्रोग्रॅमला 'मुलुंड' दिलं तर दोन उकार आणि अनुस्वारच नव्हे, म, ल, डसुद्धा थेट विशेष चिन्हांत जमा होतात. कॅपिटलचा फ्लॅग मात्र जन्मात खरा होणार नाही, कारण देवनागरीत कॅपिटल नाही. आकडा '९२' असा मराठीत लिहिला तर पायथनचं फंक्शन त्याला आकडा मानतं, पण शून्य ते नऊ असे इंग्रजी अंक शोधणारा प्रोग्रॅम मानत नाही.

याहून अवघड आहे तो आपला अर्धा र. 'दऱ्या' लिहिताना एक कीबोर्ड नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य टाकतो, तेव्हा पाच बिंदू होतात. दुसरा साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य टाकतो, तेव्हा सहा. छपाई तशीच दिसते, हॅश मात्र पूर्ण वेगळा येतो. घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेला पासवर्ड फोनवर चालत नाही आणि माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसतो. युनिकोडचे दोन प्रकार एकसारखे करून घ्यायची प्रमाणित रीत आहे, पण अदृश्य जोडचिन्हाचा हा फरक नेहमीच्या रीतीने मिटत नाही. त्यामुळे तूर्त तरी बहुतेक मराठी पासवर्ड रोमनमध्येच राहतील.

अक्षरांच्या पलीकडे

पासवर्ड किती टिकेल यात अक्षरांचा वाटा किती? २०१२ मध्ये जेरेमी गॉस्नी यांनी २५ ग्राफिक्स कार्डांचा संच दाखवला. विंडोजच्या जुन्या पद्धतीने साठवलेल्या हॅशवर तो सेकंदाला ३५,००० कोटी अंदाज चालवत होता. त्या वेगाने ९५ चिन्हांचे सगळे आठ अक्षरी पासवर्ड साडेपाच तासांत संपतात. बीक्रिप्ट या मुद्दाम संथ ठेवलेल्या पद्धतीवर तोच संच सेकंदाला जेमतेम ७१ हजारांवर आला. मग त्याच कामाला जवळजवळ तीन हजार वर्षं. पासवर्ड तेच, अक्षरं तीच. फरक कंपनीने कुलूप कुठलं लावलं याचा, आणि तो आपल्याला बाहेरून दिसत नाही.

उलट टोकाला यूपीआयचा पिन. चार किंवा सहा आकडे, प्रोग्रॅमच्या भाषेत अगदी 'वीक'. तरी रोजचा व्यवहार त्यावर चालतो, कारण तो ठरावीक फोनशी बांधलेला असतो आणि चुका मोजक्याच चालतात. ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून दुसरा पडताळा सक्तीचा केला आणि ओटीपी आपल्या अंगवळणी पडला. म्हणून आता चोर अक्षरं फोडत बसत नाही. तो केवायसीच्या नावाने फोन करतो आणि माणसालाच बोलतं करतो. तिथे पंधरा अक्षरंही कामाची नाहीत. तिथे फोन ठेवणं, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ही हेल्पलाइन फिरवणं, हेच कामाचं.

जिथे पासवर्ड लागतोच, तिथे निवड स्वतःच्या हातातून काढून घ्यावी. पासवर्ड मॅनेजरला बनवू द्यावा, किंवा फासे टाकावेत. १९९५ मध्ये अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर ही रीत सांगितली: पाच फासे, ७,७७६ शब्दांची यादी, दर फेकीला एक शब्द. पाच शब्द झाले की आठ अक्षरी कडबोळ्याच्या चार हजार पटींहून जास्त प्रकार होतात. चिंच, फलाट, मोरी, तेरडा, सुतळी असलं काहीतरी निघेल आणि चित्रासारखं लक्षात राहील. शब्द मात्र फाशांनीच काढायचे. आपण काढले की पहिला शब्द मुलीचं नाव असतो.

मग जर्नलमधला तो प्रोग्रॅम काढून टाकायचा का? मला तसं वाटत नाही. लूप, अटी आणि फ्लॅग शिकवायला तो ठेवावा. जमल्यास एक यादी जोडावी: फुटलेले पासवर्ड, उपनगरांची नावं, आडनावं, देवांची नावं, आणि एमएचने सुरू होणारा साचा. यादीत सापडलं की पाच फ्लॅगांकडे न बघता नकार द्यावा. यादी जोडायला वेळ नसेल तर निदान शेवटच्या ओळीतला एक शब्द बदलावा. पाचही फ्लॅग खरे झाल्यावर प्रोग्रॅमने 'स्ट्राँग' छापू नये. 'नियमांत बसतो' एवढंच छापावं. त्याला तेवढंच कळलेलं असतं.